पाचवीच्या सुपातली तुतारी

पौषातली सकाळ. मळणी आटोपलेली, भाताच्या तणसाचे ढीग घरामागे लागलेले, आणि करंजटोलीच्या गुणवंतरावांच्या गोठ्यापुढे नेहमीसारखी माणसं जमलेली. करंजटोली हे गोंडपिपरीपासून गाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं गाव. तीन बाजूंना रान आणि एका बाजूला नदी. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. राजधानी कुठं का असेना, शंकरपटाच्या बैलांबद्दल काही विचारायचं असलं की लोक गुणवंतरावांकडेच येत.

धान घरात आलं की या मुलखात गावोगावी पट भरतात. दोन बैल, त्यांना जुंपलेली हलकी रेंगी, तीवर उभा असलेला धुरकरी आणि समोर सरळ आखलेलं धावेचं दान. सारा खेळ पाच-पंचवीस श्वासांचा; पण त्यासाठी माणसं वर्षभर बैलांच्या मागंपुढं करतात. गुणवंतरावांची हिऱ्या-पाखऱ्याची जोडी चार वर्षांत एकदाही मागं पडली नव्हती.

आज सुकलू एक बैल घेऊन आला होता. नदीपलीकडच्या गावचा हा साधा शेतकरी. बैल देखणा, पण गुणवंतरावांनी त्याच्या कानाजवळ हात नेला तशी त्यानं मान खाली टाकली आणि तो मागं सरकला.

"सस्त्यात भेटला ना?" गुणवंतराव हसले.

"हो भाऊ. काऊन?"

"याले मारलं आहे कोणं तरी. लगित मारलं आहे. हात दिसला का मान टाकते, पाह्यलं? असा बैल दानावर सरळ धावत नाई. भितो तो, आन् भेलेला बैल कुठी घुसन, काई नेम नाई."

"मंग औषध काय?"

"रिकामा हात." गुणवंतरावांनी आपले दोन्ही तळवे वर करून दाखवले. "रोज सकाळी याच्यासमोर जाऊन बसाचं, असे हात ठेवून. बोलवाचं नाई, ओढाचं नाई, ढेप दाखवून फसवाचं नाई. महिना लागन, तीन लागतीन. एक दिवस आपल्या पायानं येते आन् तळव्याले नाक लावते. तवा समजाचं, का बैल तुले भेटला."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात गुणवंतरावांचा एकुलता मुलगा पत्रू ढेपीच्या, म्हणजे पेंडीच्या, पाण्याची बादली घेऊन आला. वीस वर्षांचा गडी, दारात उभा राहिला तर उजेड अडावा असा. दोराला त्याचा पाय अडकला आणि बादलीतलं थोडं पाणी सांडलं. डोक्याचा शेला घट्ट करायला गुणवंतरावांनी नुसता हात वर नेला, तर पत्रूची मान झटकन खांद्यांत गेली.

सुकलूनं ते पाहिलं. गुणवंतरावांनी पाहिलं नाही. ते बैलाचे दात बघत होते.

गुणवंतरावांच्या घराच्या चौकटीवर, आत जाताना उजव्या हाताला, एक तुतारी टांगलेली असे. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी. टोकाला खिळा, मुठीला पितळेचं कडं. ती आजोबांच्या वेळची. या घराण्यात मुलगा झाला की पाचव्या दिवशी, पाचवीच्या पूजेला, बाळाला सुपात निजवून त्याच्या शेजारी ही तुतारी ठेवायची रीत होती. मुलगा धुरकरी व्हावा म्हणून, असं म्हातारी माणसं सांगत. गुणवंतराव त्या सुपात निजले होते आणि पत्रूही निजला होता. पुढं ती तुतारी हिऱ्या-पाखऱ्याच्या अंगाला कधी लागली नाही. लागली ती पत्रूच्या.

यात आपलं काही चुकतंय, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. गावातला एकही बाप त्यांना तसं म्हणाला नसता. "बैल मुका आहे, त्याच्यावर दया कराची," ते म्हणत. "पोराले तोंड आहे, त्याले वळण लावाचं. मले बापानं लावलं, म्हून मी मानूस झालो." आणि पोराला वळण लागलेलं तर साऱ्यांना दिसतच होतं. पत्रू वडिलांपुढं बसत नसे. वर मान करून बोलत नसे. आठवडी बाजारात साधा दुपट्टा घ्यायचा, तरी लाल घेऊ की हिरवा हे त्याला ठरवता येत नसे. "बाले विचारतो," म्हणून तो तसाच परत येई. गुणवंतरावांना याचा कोण अभिमान!

त्याच बाजारात मागच्या महिन्यात कोणीतरी सहज हसलं म्हणून याच पत्रूनं त्याचा जबडा फोडला होता. तेही गुणवंतरावांना कळलं होतं. "अंगात पानी आहे पोराच्या," एवढंच ते म्हणाले.

घरात हे सगळं पाहणारी एक बाई होती, रुखमाबाई, पत्रूची आई. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपाहळदीनं मळतात. ते हळदीचं गाडगं रुखमाबाईच्या घरी वर्षभर रिकामं होत नसे. मार संपला की ती पत्रूला मागच्या पडवीत नेई आणि पाठीला हळद लावी. मध्ये पडायची मात्र तिची छाती झाली नाही. मध्ये पडणाऱ्या बायकांचं काय होतं, ते तिनं माहेरी पाहिलं होतं.

त्या दिवशी जेवताना तिनं सांगितलं, "अवो, सुनेच्या दंडावर वळ आहे. आंघोळीच्या वक्ती पाह्यला."

सून म्हणजे कमळा, डोंगरगावच्या मुखरूची लेक. सतरा वर्षांची. लग्नाला वर्ष झालं होतं आणि तिला चौथा महिना लागला होता.

"पडली असन," गुणवंतराव म्हणाले.

"पडल्याचा वळ मले समजते, आन् मारल्याचाबी. वीस वरसं झाली हळद लावून राह्यली मी."

गुणवंतरावांचा हात ताटातच थांबला. माणूस निर्दय नव्हता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. गरोदर पोरीवर हात टाकलेला त्यांना खपला नाही. ते तसेच उष्ट्या हातानं उठले, चौकटीवरची तुतारी काढली आणि पत्रूला अंगणात हाक मारली.

"बाईवर हात टाकतं? माह्या घरात? लाज नाई वाटत?"

आणि बायकोला मारू नये हे शिकवायला त्यांनी बायकोच्या देखत वीस वर्षांच्या मुलाच्या पाठीत तुतारीचे चार तडाखे ओढले. कमळा चुलीजवळच्या दारात उभी होती. पत्रूनं एकदाच दाराकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यानं कमळा दाराआड सरकली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दुसऱ्या दंडावरही वळ होता. गुणवंतरावांना खरंच कोडं पडलं. एवढं समजावलं, तरी पोराच्या डोक्यात कसं जात नाही?

पंधरा दिवसांनी शेजारच्या गावचा पट आला. गुणवंतरावांचे गुडघे दुखत होते, म्हणून पहिल्यांदाच रेंगी आणि चौकटीवरची ती तुतारी पत्रूच्या हाती द्यायची ठरली. तीन दिवस आधीपासून घरात कोणाला सुख नव्हतं. जेवताना, बसताना, निजताना गुणवंतरावांचं एकच चालू होतं. कासरा असा धर, पाय असा ठेव, तुतारी टोचायची नाही, नुसती वर धरायची. पत्रू प्रत्येक वेळी "हो बा" म्हणे. त्याचा घास हातातच राहत होता, ते रुखमाबाईच्या लक्षात आलं.

पटाला हजारभर माणूस लोटला होता. बायका एका बाजूला पळसांच्या सावलीत होत्या, त्यांत रुखमाबाई आणि कमळा. पत्रूसोबत त्याचा एकुलता दोस्त चैतू आला होता. चैतू नदीपलीकडच्या रानातल्या पाड्यावरचा गोंडाचा पोरगा. लहानपणी दोघांनी एकाच कुरणात गुरं चारली होती. चैतूनं बैलांच्या तोंडावरून हात फिरवला आणि पत्रूला म्हणाला, "भेऊ नको. हे दोघं तुले ओळखतेत."

झेंडी पडली आणि जोडी निघाली. अर्ध्या दानापर्यंत सारं ठीक होतं. ठीक काय, सुरेख होतं. पत्रू सरळ उभा होता आणि हिऱ्या-पाखऱ्या जमिनीला पाय न लावता चालल्यासारखे दिसत होते. गुणवंतराव दानाच्या अर्ध्या वाटेवर, अगदी कडेला उभे होते. आनंदानं म्हणा, की काळजीनं म्हणा, त्यांच्यानं राहवलं नाही.

"कासरा सोड! सोड कासरा, गधड्या!"

तो आवाज पत्रूच्या कानात शिरला आणि जे व्हायचं ते झालं. त्याची मान खांद्यांत गेली, तोल ढळला, आणि हातातली तुतारी खिळ्यासकट हिऱ्याच्या कुशीत रुतली. हिऱ्याला जन्मात कधी कोणी टोचलं नव्हतं. तो दान सोडून आडवा फिरला, रेंगी पळसाच्या बुंध्यावर आदळली आणि हिऱ्या पुढच्या पायावर कोसळला. माणसं बाजूला झाली म्हणून वाचली.

गुणवंतराव धावत आले. त्यांनी आधी हिऱ्याचा मोडलेला पाय पाहिला. मग धुळीत पडलेली तुतारी उचलली आणि हजार माणसांसमोर पत्रूवर उगारली.

पत्रूनं ती वरच्यावर धरली.

एवढं सोपं होतं ते! वीस वर्षांत त्याला कळलं नव्हतं की म्हाताऱ्याचा हात इतक्या सहज धरता येतो. त्यानं तुतारी हिसकली आणि वर उचलली. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते ज्यांनी पाहिलं, ते नंतर पुष्कळ दिवस सांगत राहिले. लोक ओरडले, पण पुढं कोणी झालं नाही.

आणि गुणवंतरावांची मान खाली गेली.

त्यांनी घातली नाही. ती आपोआप गेली. दोन्ही हात डोक्यावर आले, खांदे वर चढले, गुडघे वाकले. त्यांचा बाप मरून सव्वीस वर्षं झाली होती. त्या सव्वीस वर्षांत ही मान अशी कुणापुढं गेली नव्हती, पण ती काहीच विसरली नव्हती.

"पत्रू!"

हाक बायकांच्या बाजूनं आली. कमळा उभी राहिली होती. त्या काळी उखाण्याखेरीज बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, आणि इथं हजार लोकांत, सासऱ्यासमोर, एका सतरा वर्षांच्या पोरीनं नवऱ्याला त्याच्या नावानं हाक मारली.

पत्रूनं हातातल्या तुतारीकडे पाहिलं. ती त्यानं बापाच्या पायाशी ठेवली. फेकली नाही, ठेवली. मग तो वळला, गर्दीनं वाट दिली, आणि तो रानाकडे चालायला लागला. चैतू त्याच्यामागं धावला.

आठ दिवसांनी कळलं की पत्रू चैतूच्या पाड्यावर आहे, बांबू तोडायला जातो. गुणवंतरावांनी निरोप धाडला, 'ताबडतोब ये.' तो आला नाही. दुसरा निरोप धाडला, 'न आलास तर दार बंद.' त्यालाही उत्तर आलं नाही. पटावरूनच मुखरू आपल्या लेकीला घेऊन गेला होता, तो तिला पोचवायचं नाव काढीना. तेव्हा गुणवंतराव स्वतः डोंगरगावला गेले.

मुखरूनं पाट दिला, पाणी दिलं. कमळा डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहिली आणि तिथूनच बोलली.

"मामाजी, मी येईन. लेकरू तुमच्या घरचं आहे, मले समजते. पन त्याच्या पाचवीच्या सुपात थे तुतारी ठेवाची नाई. आन् तुमाले दोघायले पाह्यलं का मले भेव वाटते. ते भेव गेल्याबिगर नाई येनार."

"अवो पोरी, मोठ्या मानसासमोर..." मुखरू चपापला.

"बाबा, लेकरू माह्या पोटात आहे," कमळा म्हणाली. ती आत गेली नाही.

गुणवंतराव पाण्याला न शिवता उठले. सून आपल्याला अटी घालते! घरी येईपर्यंत ते रागानं धुमसत होते. घरी आले, आणि धुमसायलाही कोणी समोर नव्हतं. अंगणात पत्रू नव्हता, चुलीशी कमळा नव्हती. येत्या पावसाळ्याआधी त्यांचं नातवंड जन्माला येणार होतं आणि ते या घरात येईल की नाही, हे त्यांच्या हाती राहिलं नव्हतं.

मग त्यांच्या पायाला जी भिंगरी लागली, ती काही केल्या थांबेना. गोठ्यातून अंगणात, अंगणातून वेशीपर्यंत, वेशीवरून परत. हिऱ्याचा पाय बांबूच्या पट्ट्यांत बांधला होता, तो चार वेळा सोडून चार वेळा बांधत. जेवायला बसले की अर्ध्यावर उठत. कोणी बैल दाखवायला आला तर त्याच्यावर खेकसत. रुखमाबाईनं एकदाच म्हटलं, "जा ना मंग, घेऊन या त्याले." ते ओरडले, "बापानं जावं काय लेकापाशी?" त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागली, आणि ते त्यांना ओरडण्यापेक्षा जड गेलं.

चैत्र लागला. एका सकाळी सुकलू आला. सोबत तोच बैल होता, आणि त्याला दोर नव्हता. सुकलू थांबला की बैल थांबे, चालला की चाले.

"पाह्यलं भाऊ? तुमी सांगतलं तसंच केलं. दोन महिने सतरा दिवस बसलो. घरचे म्हनत, सुकलू येडा झाला. एक दिस आला आन् नाक लावलं हातले." सुकलूचा चेहरा लग्नघरासारखा फुलला होता. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "पत्रू नाई आला अजून?"

गुणवंतराव बैलाचे खूर बघू लागले.

सुकलूनं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "भाऊ, एक सांगू काय? राग नका धरजा. त्या दिवशी तुमी बैलाचं सांगून राह्यले होते, आन् मी तुमच्या पोराकडे पाहून राह्यलो होतो. त्यानं बी मान अशीच टाकली."

गुणवंतरावांना रागवायचं होतं; तोंडही उघडलं होतं. पण डोळ्यांपुढं पट आला, आणि स्वतःची मान. भीती कशी असते हे त्यांना सांगायची गरजच नव्हती, फक्त ते सव्वीस वर्षं विसरून बसले होते. ते गोठ्यात गेले आणि हिऱ्याच्या गळ्याशी तोंड लपवून ढसाढसा रडले. रुखमाबाईनं दारातून पाहिलं. ती आत गेली नाही आणि परतलीही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते निघाले. रानातली वाट, म्हणून सवयीनं हात पटावरून परत येऊन चौकटीवर टांगलेल्या तुतारीकडे गेला. तो अर्ध्यावरच थांबला, आणि ते तसेच बाहेर पडले.

चैतूचा बाप पोचू पाड्यावरच्या घरापुढं बसला होता. त्यानं ओळखलं, पण काही विचारलं नाही. त्याची बायको बुधरी मोहाखाली फुलं वेचत होती. गुणवंतराव घरासमोरच्या त्या मोहाखाली जाऊन बसले, मांडीवर तळवे वर करून. पत्रू बांबू तोडायला जायला बाहेर आला, त्यानं पाहिलं, आणि तो मागच्या बाजूनं निघून गेला.

दुसऱ्या दिवशीही तसंच, आणि तिसऱ्याही. रात्री पोचूच्या पडवीत ते निजत, त्याच्या घरची पेज पीत आणि सकाळी पुन्हा येऊन बसत. ज्या माणसाच्या पायाला दीड महिना भिंगरी होती, त्याला बसणं ही शिक्षाच होती. दर घटकेला उठून पोराला दंडाला धरून आणावंसं वाटे. पोचूही काही साधुसंत नव्हता. "दादा, फुलं तुह्या बुडाखाली चेंगरून राह्यली, थोडा सरक ना," म्हणून तो रोज कुरकुरे. एकदा चैतूच्या लहानग्या बहिणीनं, सोमारीनं, फुलांची भरली टोपली उलथवली. पोचू मोठ्यानं ओरडला. पोरगीही तितक्याच मोठ्यानं उलटून ओरडली. मग दोघं बसून फुलं भरू लागले. पोरीची मान कुठंच गेली नव्हती. गुणवंतराव त्या मानेकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

नववा दिवस होता की दहावा, हे त्यांना नंतर नीट आठवत नसे. पत्रू आला आणि त्यांच्यापासून काठीभर अंतरावर बसला.

"हिऱ्या?" त्यानं विचारलं.

"आहे. लंगडते. पन खाते."

"माह्यानं झालं."

"तुह्यानं नाई, माह्यानं झालं." गुणवंतरावांनी तळवे हलू दिले नाहीत. "मी चुकलो रे पत्रू. बैलाचं मले सारं समजलं, तुहं काईच समजलं नाई."

पत्रू जमिनीकडे बघत राहिला. मग बोलू लागला, आणि बापाला वाटलं की हा आवाज आपण पहिल्यांदाच ऐकतो आहोत.

"तुमी मारत, तं मले वाटे मी त्याच लायकीचा आहो. बजारात कोणी हासलं का वाटे, यालेबी समजलं मी कसा आहो. मंग हात उठे." तो थांबला. "एक दिस मी कमळाले पानी मागतलं. नुसता हात समोर केला. तिनं मान टाकली, बा. मी तुमच्यासमोर टाकतो तशी. तवा सारं समजलं मले. आन् समजल्यावरबी दुसऱ्या दिवशी मी तिले मारलं."

गुणवंतरावांना या पोराला जवळ घ्यावंसं वाटलं. त्यांनी हात जागचा हलवला नाही.

"चाल," थोड्या वेळानं ते म्हणाले. "आता तिच्या अंगनात जाऊन बसाचं."

"ते नाई आली तं?"

"तं बसाचं. येनं न येनं तिच्या हाती."

वाटेत ते करंजटोलीला थांबले. चौकट रिकामी होती. रुखमाबाई चुलीपुढं बसली होती आणि राखेत पितळेचं कडं काळं पडलं होतं.

"मी घातली चुलीत," ती म्हणाली. "आधीच घालाची होती. मीबी नुसती हळदच लावत राह्यली." पत्रूला पाहून तिनं तोंडाला पदर लावला, आणि मग त्याच्यापुढं भाताचं ताट ठेवलं. बापलेक एका ओळीत जेवायला बसले. असं त्या घरात पूर्वी झालं नव्हतं.

डोंगरगावला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मुखरू पाट घेऊन धावला, पण दोघं अंगणातल्या मातीतच बसले, तळवे वर करून. शेजारच्या बायका कुडावरून पाहू लागल्या. कोणी हसलंही. पत्रूच्या मुठी वळल्या. त्यानं त्या एकेक बोट करून सोडल्या.

बऱ्याच वेळानं कमळा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आता तिचं पोट दिसत होतं. ती जवळ आली तसा पत्रूनं तांब्या घ्यायला हात पुढं केला, आणि कमळाची मान खाली गेली. तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

पत्रूनं हात मागं घेतला आणि जमिनीवर उताणा ठेवला. "तिथीच ठेव," तो हळू म्हणाला. "मी मंग घेतो."

तिनं तांब्या खाली ठेवला. ती आत जाईल असं सगळ्यांना वाटलं, पण ती उभी राहिली.

"तुतारी?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"तुह्या सासूनं चुलीत घातली."

कमळा थोडा वेळ दोघांच्या तळव्यांकडे बघत होती. "आता जानार?"

"नाई," पत्रू म्हणाला. "सांजवेळेपर्यंत बसतो."

"आन् उद्या?"

"उद्याबी येतो."

"किती दिवस?"

पत्रूनं बापाकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर साऱ्या मुलखात एकाच माणसाला ठाऊक होतं असं लोक मानत. गुणवंतरावांनी मान हलवली. "बैलाचं मले समजते, बाई," ते म्हणाले. "मानसाचं नाई सांगता येत."

कमळानं दाराशी जाऊन उंबऱ्यावर बसकण मारली, त्यांच्याकडे तोंड करून, पोटावर हात ठेवून. तिघंही तसेच बसून राहिले. मुखरूच्या अंगणात संध्याकाळ होत आली तरी कोणी उठलं नाही.